आपल्यात असं करतात

"पंखा कोणी बंद केला?"

अप्पांनी दारात उभं राहूनच विचारलं. अप्पा म्हणजे माझे थोरले चुलते. त्यांनी आधी पंख्याचं बटण दाबलं, मग चपला काढल्या, आणि मग धाकट्या भावाच्या मयताकडे बघून डोळ्यांना रुमाल लावला. क्रमाबद्दल माझी काही तक्रार नाही. मे महिना होता आणि आमचं गाव सोलापूर जिल्ह्यात आहे.

मी उठून बटण बंद केलं.

"अरे, माणसं मरतील उकडून!"

"आज एवढे एकच पुरे आहेत, अप्पा."

मी हे विनोद म्हणून बोललो नव्हतो. भीती वाटायला लागली म्हणजे माझ्या तोंडातून असलंच काहीतरी बाहेर पडतं आणि चेहरा मात्र दगडासारखा राहतो. बारावीच्या निकालाच्या दिवशीही असंच झालं होतं.

त्या सकाळी भीती भरपूर होती. अण्णा, म्हणजे माझे वडील, पहाटे झोपेतच गेले. गल्लीतले डॉक्टर येऊन, तपासून, दाखला लिहून देऊन गेले. आई भिंतीला टेकून बसली ती हलली नव्हती. पण मला भीती होती ती वेगळ्याच गोष्टीची. अण्णांचे डोळे घेऊन जायला सोलापूरहून नेत्रपेढीची जीप निघाली होती आणि ही गोष्ट अप्पांना अजून कोणी सांगितली नव्हती. कोणी म्हणजे मी.

अण्णा पेंटर होते. दुकानांच्या पाट्या, गाड्यांचे नंबर, निवडणुकीत ज्याचे पैसे आधी येतील त्याचं चिन्ह. साठी ओलांडली तरी चष्मा नव्हता. गल्लीतल्या बायका सुई ओवून घ्यायला त्यांच्याकडे यायच्या. दोन वर्षांपूर्वी आरोग्य खात्यानं त्यांना एसटी स्टँडची भिंत दिली. वर मोठ्या अक्षरात 'मरणोतर नेत्रदान', आणि खाली काय करायचं ते: पंखा बंद ठेवा. मिटलेल्या डोळ्यांवर ओला कापूस ठेवा. डोक्याखाली उशी द्या. नेत्रपेढीला लगेच कळवा, डोळे सहा तासांच्या आत काढावे लागतात. 'मरणोतर'मधला एक त कमी पडला होता. अण्णा म्हणाले, भिंत संपली.

घरी आल्यावर जेवताना म्हणाले, "सुहास, माझे डोळे द्यायचे."

"का?"

"एवढ्या मोठ्या अक्षरात लिहून आलोय. लोक उद्या म्हणतील, पेंटरनं लिहिलं अन् स्वतः दिले नाहीत."

त्यांना सामाजिक वगैरे काही नव्हतं. आपल्या अक्षराची लाज राखायची होती.

पहाटे मी आईला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "बोलाव त्या लोकांना. ह्यांचा शब्द होता. पण अप्पांना तू सांग. त्यांच्याविरुद्ध माझी सही व्हायची नाही."

अडचण तिथंच होती. आमच्या गावात अप्पांशिवाय मयत हलत नाही. बांबू कुठला, मडकं कोण धरणार, खांदा आधी कोणाचा, सगळं त्यांना पाठ. त्यांच्याकडे दोनच वाक्यं होती: 'आपल्यात असं करतात' आणि 'आपल्यात असं करत नाहीत'. त्यावर अपील नव्हतं. आदल्या वर्षी कुलकर्णी गुरुजी गेले, तेव्हा त्यांच्या मुलींनी नेत्रदानाचं काढलं होतं. अप्पा त्यांच्या जातीतलेसुद्धा नाहीत. तरी तिथं जाऊन म्हणाले, "गुरुजी, तुमच्यात असं करत नाहीत." हे त्यांनी मेलेल्या गुरुजींना सांगितलं आणि जीप रिकामी परत गेली.

तर अप्पा पुन्हा बटणाकडे निघाले. तेवढ्यात चंपाआत्या आली. अप्पांच्या पाठची, अण्णांच्या आधीची. ती रडली नाही. पदर खोचला, अण्णांच्या उशाशी पिठाच्या गोळ्यावर पणती लावली आणि मागं न बघता म्हणाली, "पंखा नको. दिवा विझतो."

"अगं, पण उकडतंय..."

"उशाचा दिवा विझवायचाय का तुला? तू असताना?"

अप्पांचा हात बटणावरून खाली आला. मी मनातल्या मनात देवाचे आभार मानले. आमची फारशी ओळख नव्हती, तरी.

मग आत्यानं आणखी चमत्कारिक गोष्टी केल्या. अण्णांना जमिनीवर घेतलं होतं, तर तिनं आपली जुनी साडी घडी करून त्यांच्या डोक्याखाली सरकवली. अप्पा म्हणाले, मयताला उशी कशाला? आत्या म्हणाली, धाकट्या भावाला बहिणीची घडी द्यायची असते, आपल्यात असं करतात. मग कापसाचे दोन बोळे भिजवून पापण्यांवर ठेवले. जरा वाळले की पुन्हा भिजवायची. मी स्वतः हे कसं करायचं म्हणून सकाळपासून खिशात कापूस घेऊन बसलो होतो. आमच्या चालीरीती इतक्या शास्त्रशुद्ध आहेत हे मला त्या दिवशी कळलं.

बाहेर तिरडी बांधून होत आली. मी संडासात जाऊन फोन लावला. पलीकडे बाईंचा आवाज, नेत्रपेढीच्या डॉक्टर खरात.

"आम्ही निघालोय, पण टायर गेलंय. बदलतोय. तुम्ही तेवढं थांबवून ठेवा."

"वडील थांबलेत, मॅडम. चुलते थांबत नाहीत."

बाहेर आलो तर अप्पा अंगणात उभे राहून हात झटकत होते. "चला, आंघोळ घालून घेऊ. ऊन चढायच्या आत माती झाली पाहिजे. आता कोणी यायचं राहिलंय का?"

हा प्रश्न रीतीचा असतो. कोणी राहिलेलं नसतं. मुलगा इथंच, बहीण इथंच, भाऊ विचारतोय. सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो,

"दिगंबरदादा निघालाय."

"कोण दिगंबर?"

"उमरग्याचा."

असा कोणी नाही. उमरगा हे गाव मला एसटीच्या पाटीमुळे माहीत, ती पाटीही अण्णांनीच रंगवली होती. पण जो निघालाय त्याला तोंड बघू दिल्याशिवाय मयत उचलता येत नाही, एवढं मला कळत होतं. दुसरी गोष्ट मला तेव्हा कळत नव्हती, ती पुढच्या पाच मिनिटांत कळली. नातेवाईक ओळखत नाही असं मयताच्या घरी कोणीही म्हणत नाही.

ओसरीवरचे बाबूतात्या, गल्लीतले सगळ्यात म्हातारे, मान हलवत म्हणाले, "उमरग्याचा म्हणजे आपल्या गोदाक्काचा का रे?"

गोदाक्का ही अप्पांची कुठलीशी चुलत आत्या, मी जन्मायच्या आधीच वारलेली.

"हां, त्यांचाच," मी म्हणालो.

"पण गोदाक्काला मूल कुठं होतं?"

"दत्तक," कोणीतरी म्हणालं. मी नाही.

"बरोबर. दिराचा घेतला होता. पायानं जरा अधू."

"अधू नाही, लहानपणी झाडावरून पडला होता."

"विहिरीच्या भानगडीत आपल्या पेंटरशी बोलणं बंद होतं त्याचं. तरी येतोय बघा. रक्त शेवटी."

मी अप्पांकडे बघितलं. आता अप्पा म्हणणार, असा कोणी नाही. खोटं बोलतोय पोरगं. अप्पांच्या कपाळावरून घाम ओघळला. सगळी मंडळी आता त्यांच्याच तोंडाकडे बघत होती, कारण खानदानाची शेवटची माहिती तेच देत.

"दिगंबरच्या लग्नात मी होतो," अप्पा म्हणाले. "आमटी खारट होती."

झालं. दिगंबर जन्माला आला.

मग वाट बघणं सुरू झालं. ऊन भिंतीवरून खाली उतरून अंगणात आलं. पंखा बंद, दारात माणसं, आत पणती. प्रत्येक नवीन आलेला माणूस पहिल्यांदा बटणाकडे हात न्यायचा आणि आत्या न बघता म्हणायची, "दिवा." मी दर थोड्या वेळानं घड्याळ बघत होतो आणि मग अण्णांच्या डोळ्यांवरचे बोळे. मधूनच मला वाटायचं की बोळे हलले.

"कुठवर आलाय तो?" अप्पांनी पुन्हा विचारलं.

"टायर गेलंय."

"त्याचं नेहमीचंच आहे," अप्पा चिडून म्हणाले. "आता अर्धा तास. नाहीतर दिगंबरला म्हणावं, राख बघ."

अर्धा तास संपत आला. अप्पांनी पाणी तापवलेल्या पातेल्याकडे बोट दाखवलं, दोघंजण आत यायला निघाले, आणि गल्लीच्या तोंडाशी जीप वाजली.

जीपमधून आधी ड्रायव्हर उतरला. उंच, चाळिशीचा, सकाळपासून टायरशी झुंजून कपड्यांना काळे डाग. जीपमध्ये बसून पाय आखडल्यामुळे तो जरा लंगडला.

तेवढं पुरलं. बायकांनी हंबरडा फोडला. "दिगंबरा! उशीर केलास रे!" बाबूतात्यांनी त्याच्या गळ्यात हात टाकले. "झालं गेलं विसर. विहिरीचं मनात ठेवू नको."

ड्रायव्हरनं त्यांच्या खांद्यावरून माझ्याकडे बघितलं. मी हात जोडले. माझ्या चेहऱ्यावर काय होतं मला माहीत नाही, पण त्या माणसानं एक श्वास घेतला आणि म्हणाला, "नाही ठेवलं, तात्या."

त्याच्या मागून डॉक्टर खरात उतरल्या. साधी साडी, हातात पांढरा बर्फाचा डबा.

"सूनबाई पण आली," एक म्हातारी म्हणाली. "पिठलं-भाकरी आणलीय बघ डब्यात. शिकलेली असून रीत सोडली नाही."

मी सूनबाईंना जवळजवळ ओढतच आत नेलं. आत आत्या, आई, अण्णा आणि पणती. मी दार लोटून घेतलं आणि घाईघाईनं म्हणालो, "मॅडम, लवकर करा. बाहेर त्यांना वाटतंय तुम्ही उमरग्याच्या."

डॉक्टरांनी बोळे उचलून बघितलं. "छान ठेवलेत डोळे. कोणी ठेवले?" उत्तराची वाट न बघता त्यांनी पिशवीतून संमतीपत्र काढलं. "पत्नीची सही. दोन साक्षीदार."

आईनं हात मांडीखाली घेतला. "अप्पांना सांगितलंस?"

मी खिशातला कापूस चाचपला.

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, मग बंद दाराकडे. "म्हणजे घरात माहीत नाही?"

"मॅडम, वेळ निघून चाललाय. मी मुलगा आहे, मी करतो ना सही."

"सही तुमचीही चालेल. पण आई समोर बसल्यात आणि घाबरल्यात. दार लावून, नातेवाईक बनून मी डोळे काढत नाही. उद्या या गावात पुन्हा कोणी देणार नाही." त्या शांतपणे म्हणाल्या. "दार उघडा."

दार अप्पांनीच उघडलं.

"सूनबाई, आधी तोंड बघून घ्या, मग बायकांत बसा. हा डबा कशाचा?"

"डोळ्यांसाठी आहे, काका. मी सोलापूरहून आलेय. नेत्रदानासाठी."

अप्पांनी डब्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. मला सांगायचं होतं की अण्णांची इच्छा होती, भिंत, अक्षर, सगळं. तोंडातून फक्त निघालं, "अप्पा, पिठलं नाहीये."

अप्पांच्या मागं दारात माणसं गोळा झाली होती. अप्पा ताठ झाले.

"आपल्यात असं करत नाहीत."

डॉक्टरांनी पेनला टोपण लावलं. हे वाक्य त्यांनी बऱ्याच गावांत ऐकलं असावं. आईनं डोळे मिटले. बाहेर कोणीतरी म्हणालं, पाणी निवतंय.

आत्या बोळा भिजवत होती. तिनं तो पिळला आणि अण्णांच्या डाव्या डोळ्यावर ठेवला.

"करतात," ती म्हणाली.

"काय?"

"आपल्यात असं करतात. गोदाक्काच्या वेळी केलं होतं. तू होतास की तिथं, अप्पा. कापूस तूच आणून दिलास."

अप्पा तिच्याकडे बघत राहिले. आत्यानं उजव्या डोळ्याचा बोळा उचलला. तिला कसलीच घाई नव्हती. दारातली माणसं अप्पांच्या तोंडाकडे बघत होती. बाहेर ओसरीवर गोदाक्काचा दिगंबर चहा पीत बसला होता, त्याच्या लग्नातली आमटी खारट होती, आणि ती चाखलेला माणूस गोदाक्काच्या वेळी तिथं नव्हता असं कसं म्हणणार? पण मला वाटतं अप्पा ते बघतच नव्हते. ते आत्याचे हात बघत होते. ओला बोळा, मिटलेली पापणी, बोटानं हलकेच केलेला दाब, जसं लहान पोराला झोपवतात.

पणतीची वात एकदा तडतडली.

"गोदाक्काच्या वेळी," अप्पा सावकाश म्हणाले, "उशी याहून उंच होती."

ते खाली बसले. खांद्यावरचा टॉवेल काढला, चौघडी केली, एका हातानं अण्णांचं डोकं उचललं आणि टॉवेल साडीच्या घडीवर सारला. डोकं खाली ठेवताना त्यांचा हात तिथंच राहिला, केसांवर.

"कुठं लिहायचं माझं नाव?" त्यांनी विचारलं.

आईनं सही केली. अप्पांनी केली. आत्यानं अंगठा दिला. डॉक्टर म्हणाल्या, सगळे बाहेर थांबा, फार वेळ लागत नाही. अप्पा दाराबाहेर पाठ लावून उभे राहिले आणि जो कोणी आत डोकवायला आला त्याला सांगत राहिले, "विधी चाललाय. आपल्यात असं करतात. तुला काय माहिती, तू लहान होतास." हे त्यांनी बाबूतात्यांनाही सांगितलं.

दार उघडलं तेव्हा अण्णा होते तसेच होते. पापण्या मिटलेल्या, जरा चिडलेले, जणू एखाद्यानं त्यांच्या पाटीतली चूक दाखवली असावी. अप्पांनी वाकून दोन्ही बाजूंनी बघितलं. "कळतसुद्धा नाही," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच, रुमालाशिवाय, रडले.

मग आंघोळ झाली, तिरडी उचलायची वेळ आली. डॉक्टरांना परतायची घाई होती. ड्रायव्हर किल्ली काढून जीपकडे निघाला तर अप्पांनी त्याला हटकलं.

"दिगंबर! खांदा न देताच?"

डॉक्टरांनी घड्याळ बघितलं आणि मान हलवली. ड्रायव्हरनं किल्ली खिशात टाकली आणि पुढचा डावा खांदा घेतला. उजवा अप्पांचा. उंचीत फरक असल्यामुळे अण्णा थोडे तिरके चालले होते. मागून जीप कोणीतरी ढकलत आणत होतं, कारण किल्ली दिगंबरच्या खिशात होती. डॉक्टर डबा मांडीवर घेऊन आत बसल्या होत्या. एसटी स्टँडच्या भिंतीपाशी, 'मरणोतर'च्या समोर, दिगंबरनं खांदा माझ्याकडे दिला. जीप सोलापूरकडे गेली आणि आम्ही ओढ्याकडे. अण्णा त्या दिवशी दोन रस्त्यांनी गेले.

संध्याकाळी आत्या पायरीवर बसली होती. मी शेजारी जाऊन बसलो.

"आत्या, गोदाक्काच्या वेळी खरंच केलं होतं?"

"गोदाक्का काशीला गेली ती तिकडंच वारली. इथलं कोण होतं तिथं?"

"मग पंखा? बहिणीची घडी? कापूस?"

"आपल्यात असं काही करत नाहीत रे," आत्या म्हणाली. "तुझ्या बापानं भिंत रंगवताना शिडी धरायला मला उभं केलं होतं. मला कुठं वाचता येतं? म्हटलं, एवढं ओणवं होऊन काय लिहितोस, वाच तरी. त्यानं सगळं वाचून दाखवलं. दोनदा."

मग थोड्या वेळानं तिनं विचारलं, "हा दिगंबर कोण रे?"

"माहीत नाही."

"चांगला होता," आत्या म्हणाली. "नाकावरून गोदाक्काचाच वाटला."

अण्णांचे डोळे कोणाला बसवले ते सांगत नाहीत. मी काही दिवस सोलापूरला गेलो की लोकांच्या डोळ्यांत बघत हिंडायचो. एकानं मला शिव्या दिल्या. त्याचं अक्षर बघायला मिळालं असतं आणि चांगलं निघालं असतं, तर डोळे कुठून आणले ते विचारलं असतं.

गेल्या उन्हाळ्यात आत्या गेली. मी आता पुण्यात असतो. फोन आला तसा निघालो. दारातून बघितलं तर घर माणसांनी भरलेलं, सगळे वर्तमानपत्रानं वारा घेत होते. उशाशी पणती. आत्याच्या डोळ्यांवर ओले बोळे आणि डोक्याखाली दोन उशा, त्यावर चौघडी केलेला टॉवेल. पंख्याच्या बटणाखाली खुर्ची टाकून अप्पा बसले होते, काठी आडवी धरून. आता त्यांना धड ऐकू येत नाही.

कोणा जावयानं घाम पुसत बटणाकडे हात नेला. अप्पांनी काठी त्याच्या मनगटावर ठेवली.

"अहो, उकडतंय केवढं!"

"आपल्यात असं करतात," अप्पा म्हणाले.

मी त्यांच्या पायाशी जाऊन बसलो. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. आत्याकडेच बघत, हळू आवाजात विचारलं,

"दिगंबरला कळवलंस का?"

"निघालाय, अप्पा."